बंद पडलंय? आधी उघडून तर बघा!

रात्रीचे साडेअकरा. होस्टेलच्या रूममध्ये फट्ट असा आवाज झाला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या फटींतून पांढरा धूर यायला लागला. वास तर असा, की शेजारच्या रूममधल्या मुली नाकाला ओढणी लावून बाहेर आल्या. दोन मिनिटांत रेक्टर मॅडम दारात हजर.

"काय पेटवलंस?"

"काही नाही मॅडम, जुना कॉम्प्युटर चालू करून बघत होते."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "हा कॉम्प्युटर आहे?"

त्यांचं चुकलं नव्हतं. टेबलावर एक बदामी रंगाचा, जाडजूड खोका होता. काळी बटणं, वरच्या ओळीत लालसर केशरी बटणं, ना स्क्रीन ना माउस. लांबून पाहिलं तर टाइपरायटरच. त्याचं नाव बीबीसी मायक्रो. वय चाळीसच्या आसपास. म्हणजे माझ्या दुप्पट.

त्या धुरानंतरच्या चार महिन्यांत मी जे इलेक्ट्रॉनिक्स शिकले, ते इंजिनीअरिंगच्या अडीच वर्षांच्या प्रॅक्टिकल्समध्ये शिकले नव्हते. असं म्हटलं तर आमचे सर रागावतील, पण म्हणतेच. आणि पुढे जाऊन असंही म्हणते, की बंद पडलेलं मशीन उघडणं, त्यातला दोष शोधणं आणि ते पुन्हा उभं करणं हा आपल्या शिक्षणाचा भाग असायला हवा. शाळा-कॉलेजांनी जुने कॉम्प्युटर वजनावर विकण्याआधी निदान एकदा तरी ते विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला हवेत.

डेड स्टॉकमधला पाहुणा

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाकडच्या माझ्या शाळेत गेले होते. प्रयोगशाळेतलं एक कपाट रिकामं करणं चाललं होतं. मुख्याध्यापक सर म्हणाले, "डेड स्टॉक रजिस्टरमधून काढायचा ठराव झालाय. सोमवारी भंगारवाला येतोय." ढिगात फुटकी बीकर्स होती, गंजलेले स्टँड होते आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, हा खोका आणि एक कॅसेट. भंगाराच्या भावाने पैसे भरले, पावती घेतली आणि खोका एसटीत मांडीवर घेऊन पुण्याला आणला.

साताऱ्याकडच्या एका शाळेत ब्रिटनमधला कॉम्प्युटर आला कसा? १९८० च्या सुमारास बीबीसीने ठरवलं, की सामान्य माणसाला कॉम्प्युटर शिकवायचा. त्यासाठी टीव्हीवर मालिका करायची आणि त्या मालिकेसोबत एक मशीनही द्यायचं. ते मशीन केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याचे मुख्य शिल्पकार. डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आलं. ६५०२ प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ किलोबाइट. तुमच्या फोनमधल्या एका फोटोला अशी शंभर मशीन्स एकत्र केली तरी कदाचित जागा पुरणार नाही. तरीही ब्रिटनच्या शाळाशाळांत ते पोचलं आणि एकूण दहा लाखांहून जास्त विकलं गेलं.

१९८४ मध्ये आपल्या सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलं गेलं ते हेच मशीन. सुरुवात सुमारे अडीचशे शाळांपासून झाली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये त्याची भारतीय आवृत्तीही बनली, तिचं नाव युनिकॉर्न. आज युनिकॉर्न म्हटलं की आपल्याला स्टार्टअप आठवते. आपल्या आई-बाबांच्या पिढीतल्या काही मुलांनी मात्र पहिल्यांदा 'कॉम्प्युटर' नावाच्या ज्या गोष्टीला हात लावला, ती ही.

आणखी एक नातं आहे. याच एकॉर्नमध्ये, याच विल्सन आणि फर्बर यांनी पुढे 'आर्म' प्रोसेसर घडवला. तो कागदावर होता तेव्हा विल्सनने त्याचं सिम्युलेशन बीबीसी बेसिकमध्ये, बीबीसी मायक्रोवर केलं होतं. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हातात आली, तेव्हा ती तपासली तीही याच मशीनला जोडून. आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आर्मच्या घराण्यातलाच प्रोसेसर असतो. थोडक्यात, माझ्या टेबलावर धूर सोडत होते ते तुमच्या फोनचे आजोबा.

काकांची शिकवणी

चूक माझीच होती. इतकी वर्षं बंद असलेलं मशीन मी थेट प्लगला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी खोका घेऊन पेठेतल्या एका टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडे गेले. त्यांनी वास घेतला आणि न उघडताच म्हणाले, "फिल्टरचा कॅपॅसिटर गेला." मग माझ्याकडे पाहून, "पोरी, चाळीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळायला लावशील का?"

उघडल्यावर निदान तेच निघालं. त्या काळच्या पॉवर सप्लायमध्ये मेन लाइनवरची गडबड गाळायला कागदाचे कॅपॅसिटर असत, वरून पारदर्शक इपॉक्सी चढवलेलं. वर्षानुवर्षांत त्या इपॉक्सीला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि एक दिवस करंट दिला की फट्ट! गंमत म्हणजे हा दोष जगभरच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना तोंडपाठ आहे. त्यांचा पहिला नियमच असा, की जुनं मशीन मिळालं तर आधी चालू करू नका, आधी उघडा.

इथे एक सांगून ठेवते, कारण हा मजेचा भाग नाही. पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्टचा एसी आत गेल्यावर त्याचा ३०० व्होल्टच्या वर डीसी होतो आणि मोठा कॅपॅसिटर तो प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतो. काकांनी मला पहिले दोन रविवार त्या भागाला हातच लावू दिला नाही. "हात पाठीमागे बांधून बघ," म्हणाले. जाणकार माणूस शेजारी नसेल तर तुम्हीही एवढंच करा.

नवे कॅपॅसिटर बसवले. काकांनी सिरीज बोर्ड काढला. त्यात मशीनला येणाऱ्या वायरच्या वाटेत एक साधा बल्ब असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला. मल्टिमीटर लावला, पाच व्होल्ट बरोबर पाच. मग मशीनच्या मागचं व्हिडिओचं सॉकेट टीव्हीला जोडायचं होतं. ते निघालं बीएनसी, म्हणजे आजही सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असतं तेच. कोपऱ्यावरच्या सीसीटीव्हीवाल्याकडे कनेक्टर लगेच मिळाला.

स्विच दाबला. टीव्ही काळाच. मशीनमधून एक सलग, न थांबणारा 'बूऽऽऽ'.

मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, "रडतंय म्हणजे जिवंत आहे. का रडतंय ते शोध."

आणि हाच या सगळ्यातला सगळ्यात मोठा धडा होता. कारण शोधता आलं. १९८३ मध्ये या मशीनसाठी निघालेल्या 'ॲडव्हान्स्ड युजर गाइड' या पुस्तकात त्याचं सर्किट आहे. ॲपल टूच्या १९७८ च्या मॅन्युअलमध्ये तर सर्किटसोबत रॉममधल्या प्रोग्रामची यादीही छापलेली होती. विकत घेणाऱ्याला आपलं मशीन समजून घेण्याचा हक्क आहे, हे तेव्हा गृहीतच होतं. सर्किट वाचत वाचत मला त्या 'बू'चा अर्थ लागला. मशीनला करंट मिळाला की साउंड चिप आपली आपण वाजायला लागते. रॉममधली ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाली, की ती पहिल्याच फटक्यात चिपला गप्प करते आणि मग स्वतःची एक छोटी 'बीप' देते. म्हणजे 'बू' थांबत नाही याचा अर्थ ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत गाडी पोचतच नाहीये.

मग रॉम बघितली. ती सॉकेटमध्ये बसवलेली असते. मशीन तापतं, निवतं, तापतं, निवतं. त्यात चिप केसाएवढी वर सरकत जाते, वर पायांवर काळपट थर चढतो. चिप हलक्या हाताने काढली, पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, परत दाबून बसवली. खर्च जवळजवळ शून्य.

बू-बीप!

पडद्यावर अक्षरं आली : 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के'. खाली 'बेसिक' आणि एक कर्सर. स्विच दाबल्यापासून एक सेकंदही लागला नसेल. ना लोगो, ना 'अपडेट्स आर अव्हेलेबल', ना लॉगिन. मशीन नुसतं विचारत होतं, बोल, काय करू? मी दुकानात ओरडले. काका हसले नाहीत. म्हणाले, "आता कीबोर्ड तपास. सात बटणं चालत नसतील." नऊ चालत नव्हती. त्यातच पुढचे तीन रविवार गेले.

आठ बाय आठमधला पाच

पिशवीतल्या कॅसेटवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'पाढे – इ. ५ वी'. त्या काळी प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवत. टेप वाजवली तर कानाला नुसती किरकिर ऐकू येते, मशीनला मात्र त्यातून शून्य आणि एक कळतात. काकांचा सल्ला होता, आधी टेप लॅपटॉपवर रेकॉर्ड कर, मग खेळ. जुनी टेप एकदाच नीट वाजेल, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. त्यांच्याच जुन्या टेपरेकॉर्डरचं हेड साफ केलं, स्क्रू फिरवून त्याचा कोन जुळवला. चार वेळा मशीनने एरर दाखवून टेप मागे घ्यायला सांगितलं. पाचव्या वेळी प्रोग्राम लोड झाला.

पडद्यावर पाढा आला. मराठी आकड्यांत.

मी बघतच राहिले. या मशीनला देवनागरी येत नाही. मग हे कोणी केलं? शाळेत फोन केला, तिथून निवृत्त झालेल्या गणिताच्या सरांचा नंबर मिळाला. सर फोनवर म्हणाले, "अगं, ते मी केलेत. ग्राफपेपरवर." या मशीनमध्ये व्हीडीयू २३ नावाची एक कमांड आहे. आठ ओळी आणि आठ रकाने, अशा चौसष्ट ठिपक्यांतून तुम्ही स्वतःचं अक्षर बनवू शकता. प्रत्येक ओळीतले भरलेले ठिपके म्हणजे एक, रिकामे म्हणजे शून्य. त्यातून ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. आठ ओळींचे आठ आकडे मशीनला दिले, की अक्षर तयार. "बाकी सगळे जमले," सर म्हणाले, "पाच काढायला मात्र तीन दिवस गेले. दर वेळी उलटा झालेला चार वाटायचा."

युनिकोड वगैरे काहीही नसताना, तालुक्याच्या गावात एक शिक्षक मुलांना मराठी आकड्यांत पाढे दिसावेत म्हणून ग्राफपेपर घेऊन बसला होता. त्या कामाची जगात एकच प्रत होती. ती सोमवारी भंगारात जाणार होती.

मी आधी हे सगळं हौस म्हणून करत होते. त्या फोननंतर हौस राहिली नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. ज्या देशात हे मशीन बनलं, तिथली गोष्ट ऐका. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने जमीन-जुमल्याची नोंद केली होती, तिचं नाव 'डोम्सडे बुक'. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंद केली. दहा लाखांवर लोकांनी, त्यात कितीतरी शाळकरी मुलांनी, आपल्या गावाची माहिती आणि फोटो दिले. सगळं लेझर डिस्कवर गेलं. ती वाचायला एकॉर्नचंच मशीन आणि एक खास प्लेअर लागायचा. पंधरा वर्षांत ते प्लेअर इतके दुर्मीळ झाले, की डिस्कवरची माहिती वाचवायला संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. ९०० वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडून वाचता येत होतं, पंधरा वर्षांपूर्वीची डिस्क येत नव्हती. माहिती शेवटी वाचली, कारण कोणीतरी चालू मशीन सांभाळून ठेवलं होतं.

'पण उपयोग काय?'

हा प्रश्न मला रूममेटपासून मामापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. त्यातले तीन आक्षेप मला खरंच महत्त्वाचे वाटतात.

पहिला : लॅपटॉपवर एम्युलेटर फुकट मिळतो, त्यात बीबीसी मायक्रो हुबेहूब चालतो, मग लोखंड कशाला जपायचं? एम्युलेटर मीही वापरते आणि तो भारीच आहे. पण एम्युलेटरमध्ये चालवायला कोणीतरी आधी ती टेप वाचलेली असावी लागते. सरांचा पाच कुठल्याही वेबसाइटवर नव्हता. आणि एम्युलेटर कधी 'बू' करत नाही. त्याची चिप सॉकेटमधून वर येत नाही. बिघाड शोधायला शिकायचं तर बिघडणारी वस्तूच लागते.

दुसरा : हे नॉस्टॅल्जिया आहे. अहो, ज्या काळात मी जन्मलेच नव्हते, त्याची मला कसली आठवण? उलट मला वाटतं, जुनी वस्तू चकचकीत करून शोकेसमध्ये ठेवायचा मोह टाळावा. माझ्या मशीनचं प्लास्टिक पिवळं पडलंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर ते पुन्हा उजळतं, बरेच लोक करतात. मी नाही केलं. काही वर्षांनी तो पिवळेपणा परत येऊ शकतो, आणि ते पिवळेपणही त्याच्याच आयुष्यातलं आहे. काढलेले जुने कॅपॅसिटरसुद्धा मी पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवलेत. पुढे कोणी उघडलं तर त्याला कळावं, मी काय बदललं.

तिसरा : याने प्लेसमेंट होते का? खरं सांगू, माहीत नाही. पण व्हायव्हात "रिसेट झाल्यावर प्रोसेसर पहिलं काय करतो?" असं विचारलं, तेव्हा मला पाठ केलेलं उत्तर द्यावं लागलं नाही. आजच्या फोनच्या एका चिपमध्ये काय चाललंय हे कोणा एका माणसाला पूर्ण कळणं शक्य नाही. बीबीसी मायक्रो एका माणसाच्या डोक्यात मावतो. कुठली वायर कुठून कुठे जाते हे बोटाने दाखवता येतं. शिकायला असंच काहीतरी लागतं.

सगळंच जपा असं मी म्हणत नाही. प्रत्येक कॉलेजच्या माळ्यावर पडलेले शेकडो एकसारखे पीसी जपून कोणाचं भलं होणार नाही. पण ते एकदा उघडायला काय हरकत आहे? आपण फोनची बॅटरी गेली की फोन बदलतो, कारण ती गोंदाने चिकटवलेली असते. टीव्हीचं पॅनेल गेलं की टीव्ही बदलतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. चांगलंच आहे. पण दुरुस्तीचा हक्क मिळूनही दुरुस्ती येणारा माणूसच उरला नाही, तर त्या हक्काचं लोणचं घालायचं का? काकांच्या दुकानात गेल्या दहा वर्षांत एकही मुलगा शिकायला आला नाही. त्यांचा स्वतःचा मुलगाही नाही. आणि आपण मात्र सोल्डरिंग शिकायला व्हिडिओ बघत बसतो.

आपल्याला काय करता येईल?

मागण्या फार मोठ्या नाहीत. कॉलेजमध्ये डेड स्टॉकच्या निर्लेखनाआधी एक दिवस इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांना तो ढीग बघू द्या. जे चालू होईल ते गरजेच्या शाळेला द्या, जे दुर्मीळ असेल ते लेबल लावून ठेवा, बाकीचं अधिकृत ई-कचरावाल्याकडे पाठवा. टेक फेस्टला सेलिब्रिटी बोलावता, तसं एकदा गल्लीतल्या रिपेअरवाल्या काकांना बोलवा. सत्कार नको, मानधन द्या आणि तीन रविवार वर्कशॉप घ्यायला सांगा. आणि जुनी टेप, फ्लॉपी, डायरी काहीही मिळालं, तर पुसण्याआधी, फेकण्याआधी एक कॉपी करा.

माझं मशीन मी जानेवारीत शाळेला परत दिलं. मुख्याध्यापक सरांना मोठा प्रश्न पडला, रजिस्टरमधून कमी झालेली वस्तू पुन्हा चढवायची कशी? शेवटी 'माजी विद्यार्थिनीकडून देणगी' अशी नोंद झाली. गणिताचे सर आले होते. पाचवीतल्या एका पोराने मशीनकडे बघून विचारलं, "याचा पासवर्ड काय?" सर म्हणाले, "याला पासवर्ड नसतो. बस, तुझं नाव टाईप कर." पोराने नाव टाईप केलं, मशीनने 'मिस्टेक' म्हणून सांगितलं, आणि सर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

तुमच्याही शाळेत असं एखादं कपाट असेल. या आठवड्यात एक फोन करून विचारा. भंगारवाला कुठल्या सोमवारी येणार आहे, ते आपल्याला कोणी कळवत नाही.